पानावर वाढलेला डिरेलर

गोकुळदास गावकरांना त्यांच्या मुलीने फक्त ‘पूस’ असं सांगितलं होतं. ‘उघड’ असं सांगितलं नव्हतं. पुढे जे काही झालं त्यात हा मुद्दा वारंवार निघाला, म्हणून तो आधीच सांगून टाकलेला बरा.

तनया गुरुवारी सकाळी बँकेच्या प्रशिक्षणाला पणजीला निघाली होती. शनिवारी संध्याकाळी परत यायची होती. बॅग खांद्याला अडकवताना ती म्हणाली, “बाबा, सायकलीच्या मागच्या गिअरात माती बसल्या. वेळ गावलो तर तेवढी पूस हां. आयतवारी सकाळी सातांक सुरू, माका आल्यावर वेळ गावचो नाय.”

रविवारी डिचोलीहून हळर्णच्या किल्ल्यापर्यंत आणि परत अशी सायकलस्वारी होती. तालुक्यातले साठेक जण नाव घालून बसले होते, त्यात तनयाही होती. गेलं वर्षभर ती रोज पहाटे पाचला उठून सायकल घेऊन बाहेर पडायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि गोकुळदासांनी विचारलं नाही. पाचला तिची आई उठून चुलीवर चहा ठेवायची. आता ती वेळ झाली की स्वयंपाकघरात बसवत नसे. बाप अंथरुणात डोळे मिटून पडून राही आणि मुलगी सायकल काढी. दोघांनी आपापला मार्ग काढला होता. त्यातला तनयाचा मार्ग बरा होता, कारण तो कुठेतरी जात होता. रविवारच्या यादीत तिने स्वतःहून नाव घातलं, तेव्हा आई गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिला पुढच्या कुठल्या तारखेबद्दल काही बोलताना त्यांनी ऐकलं.

तेव्हा सायकल रविवारी सातला चालायला हवी होती. एवढंच होतं.

गोकुळदासांनी माती पुसली. त्याला दहा मिनिटं लागली. समोर अख्खा गुरुवार शिल्लक होता.

आता, गोकुळदास हे यंत्रातले अगदीच अडाणी नव्हते, असं त्यांचं मत होतं. तेहतीस वर्षं त्यांनी सुर्लाच्या खाणीवर वजनकाट्याच्या खोलीत बसून टिपर मोजले होते. हजारो गाड्या त्यांच्या खिडकीखालून गेल्या. त्यांनी एकही उघडली नव्हती ही गोष्ट वेगळी. घरातही त्यांनी कधी काही उघडलं नव्हतं. मिक्सर, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, या सगळ्यांसमोर ते स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे राहिले होते आणि प्रत्येक वेळी आतून बायकोचा, रुक्मिणीचा आवाज आला होता, “हात लावू नकात तेका.” गुरुवारी त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन जरा वाट पाहिली. आवाज आला नाही. मग त्यांनी पहिला स्क्रू फिरवला.

डिरेलर ही वस्तू तळहातावर मावेल एवढीच असते. सायकलीच्या मागच्या चाकाला ती लोंबते. तिला एक पिंजरा असतो, पिंजऱ्यात दोन लहान दातेरी चाकं, एक वर आणि एक खाली, आणि पिंजऱ्याच्या वरच्या टोकाला, सांध्याच्या आत दडून बसलेली एक स्प्रिंग. चेन या दोन चाकांतून नागमोडी जाते. स्प्रिंग पिंजऱ्याला सतत मागे ओढून धरते, म्हणून गिअर कुठलाही असला तरी चेन ढिली पडत नाही. गोकुळदासांनी हे सगळं उघडताना पाहिलं आणि त्यांना मनापासून आदर वाटला. ज्याने हे शोधून काढलं, त्या माणसाला वजनकाट्याच्या खोलीत बोलावून खुर्ची द्यावी आणि चहा पाजावा, असं त्यांना वाटलं. या वस्तूचं कामच मुळात चेन एका चाकावरून पाडायचं. पण ती अशी पाडते, की चेनला पडल्यासारखं वाटत नाही.

मेजावर तेलाचे डाग पडू नयेत म्हणून त्यांनी परसातल्या केळीचं एक पान कापून आणलं होतं. निघालेला प्रत्येक भाग ते पानावर डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडत गेले. क्रम हा त्यांचा धर्म होता. गाडी अगोदर कुठली आली आणि मागून कुठली, यात त्यांची तेहतीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. वरचं चाक डावीकडे, खालचं चाक उजवीकडे. पानाचा शेंडा उजव्या हाताला आला होता, पण त्यांना त्या पानावर जेवायचं नव्हतं.

शेवटचा स्क्रू निघाला आणि स्प्रिंग निघून गेली.

ती पडली असं म्हणता येणार नाही. टंग असा आवाज आला, काहीतरी चमकलं आणि ते उघड्या दारातून, अंगणाच्या भिंतीवरून पलीकडे गेलं. भिंतीपलीकडे एक सरकारी आवार होतं. ते कुठल्या खात्याचं आहे, हे सर्वण गावात कोणालाच नक्की सांगता येत नसे. गेटला कुलूप होतं आणि कुलपावर वेल चढली होती.

महादेव परब समोरच्या घरातून हे पाहत होता. महादेव मूळचा सावंतवाडीकडचा, सुर्लाला टिपर चालवायला आला आणि इथलाच झाला. गोकुळदासांनी त्याची गाडी हजारदा मोजली होती, त्यामुळे दोघांत एक जुना, न बोललेला हिशेब होता.

“गोकुळदासानु, ह्यां काय मांडून बसलासात?” त्याने फाटकातून विचारलं.

“सायकल साफ करतंय.”

“सायकल खंय आसा ह्येत?” महादेवाने पानाकडे पाहिलं. “माका वाटलां नैवेद्य.”

सायकलीवरून पाव विकणारा पोदेर त्याच वेळी भोंगा वाजवत आला. त्यानेही मान आत घालून पाहिलं. “माझ्या सायकलीक गिअर नाय,” तो म्हणाला. “म्हणान ती कधी बिघडत नाय.” हा सल्ला होता की टोमणा, ते गोकुळदासांना ठरवता आलं नाही. त्यांनी दोन पाव घेतले.

शुक्रवारी सकाळी ते तालुक्याला गेले. पहिल्या कार्यालयाने ते आवार आपलं नाही असं सांगितलं. दुसऱ्याने, आपलं होतं पण आता नाही, असं सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी सोनाली नावाची एक तरुण कारकून बसली होती. तिने निदान नाही म्हटलं नाही. तिने एक छापील कागद पुढे ओढला.

“वस्तू कुठली?”

“स्प्रिंग.”

“किती?”

“एक.”

“ती तुमचीच कशावरून?”

“बाकीचां सगळां माझ्याकडे आसा.”

तिने हे लिहून घेतलं. “पडली की टाकली?”

“उडाली.”

“उडाली असा रकाना नाय हो काका.”

गोकुळदासांनी कोरा कागद मागितला. तेहतीस वर्षं त्यांनी जे केलं होतं ते इथे उपयोगी पडलं. त्यांनी लिहिलं : ‘अर्जदाराच्या अंगणातून पूर्व दिशेस, भिंतीच्या अंदाजे दोन हात वरून, स्वबळावर गेलेली स्प्रिंग, नग एक, शोधून नेण्यास परवानगी मिळावी.’ खाली तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा. सोनालीने अर्ज दोनदा वाचला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही दाखवला.

“असो अर्ज मी पहिल्यांदा बघतंय,” ती म्हणाली. “स्वबळावर बरां आसा.”

तिने शिपायाला चाव्यांचा जुडगा देऊन सोबत पाठवलं. शिपायाने सगळ्या चाव्या लावून पाहिल्या. एकही लागली नाही. शेवटी त्याने वैतागून गेट ढकललं आणि गेट उघडलं. कुलूप होतं ते नुसतं दोनपैकी एकाच दाराला अडकवलेलं होतं, गेली कित्येक वर्षं. दोघांनी याबद्दल काही बोलायचं नाही असं न बोलताच ठरवलं. तासाभराने स्प्रिंग एका वेलीच्या आकड्यात अडकलेली सापडली, कानातल्या डुलासारखी हलत. शिपायाने ती दोन बोटांत धरून उन्हात पाहिली. “येवढीशी,” तो म्हणाला, “आणि काय ताकद.” त्याच्याही आवाजात तोच आदर होता.

गोकुळदास घरी आले तेव्हा मेजावर हुमणाचा डबा होता. तो सुशीलाबाय ठेवून गेल्या होत्या. सुशीलाबाय शेजारच्या. शिवणकाम करायच्या आणि रुक्मिणीची त्यांच्याशी तीस वर्षांची मैत्री होती. रुक्मिणी गेल्यापासून रोज दुपारी त्या माशाच्या आमटीचा डबा आणून ठेवत, काही न बोलता. पान जिथल्या तिथे होतं. गोकुळदास जेवले, हात धुतले आणि जोडायला बसले.

स्प्रिंग घालणं हे उघडण्याइतकं सोपं नव्हतं. फोनवरच्या व्हिडिओत एक माणूस ती दोन मिनिटांत घालत होता. त्याला दोनच हात दिसत होते, पण गोकुळदासांना ते पटेना. स्प्रिंगचं एक टोक चौकटीत, दुसरं पिंजऱ्याच्या भोकात, मग पिंजरा पाऊण फेरा मागे फिरवायचा, तो जिवाच्या आकांताने सुटू पाहतो, तसाच धरून ठेवायचा आणि त्याच वेळी एक बारीक स्क्रू घालायचा. हिशेब साडेतीन हातांचा येत होता. महादेव मदतीला आला, कोणी बोलावलं नव्हतं तरी.

“मी चाळीस टनाची गाडी उघडून जोडलंय,” तो म्हणाला. “तुमी स्क्रू धरा, मी फिरवतंय.”

“सोडू नकात हां.”

“सोडतंय काय मी?”

पहिल्यांदा सोडलं तेव्हा भिंतीवर तेलाची एक कमान उठली. दुसऱ्यांदा पिंजऱ्याने महादेवाच्या अंगठ्याला असा फटका मारला की तो अंगणभर फिरून आला. तिसऱ्यांदा स्प्रिंग परत उडाली, पण यावेळी दार लावलं होतं, ती देवघराच्या कोपऱ्यात सापडली. महादेव फडकं गुंडाळलेला अंगठा छातीशी धरून निघून गेला. जाता जाता म्हणाला, “टिपराक असली स्प्रिंग नाय म्हणान मी जिवंत आसंय.” गोकुळदासांना तो पहिल्यांदाच जरा आवडला.

शनिवारी दुपारी सुशीलाबाय डबा ठेवायला आल्या. गोकुळदास पिंजरा दोन्ही हातांनी दाबून बसले होते आणि स्क्रू ओठांत धरला होता. त्यांना बोलता येत नव्हतं. हे सुशीलाबायना सोयीचं पडलं असावं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. कपड्याचं माप घेताना त्या असंच पाहत.

“ही मशिनीसारखी आसा,” त्या म्हणाल्या. “दोरो असोच जाता. वरसून खाली, खालसून वर. मधी एक स्प्रिंग दोरो ताणून धरता. पण भावोजी, मशिनीत आमी हातान धरून बसत नाय. दाभण घालतंव.”

त्या घरी जाऊन गोधड्या शिवायचा जाड दाभण घेऊन आल्या. गोकुळदासांना म्हणाल्या, “फिरवा. आणखी. आणखी जरा. थांबा.” पिंजऱ्यातलं एक भोक आणि चौकटीतली एक खाच समोरासमोर आली, आणि त्यांनी दाभण आरपार घातला. पिंजरा जागच्या जागी थांबला. गोकुळदासांनी हळूच हात काढून घेतले. काही उडालं नाही. त्यांनी स्क्रू लावला, घट्ट केला. सुशीलाबायनी दाभण काढला. स्प्रिंग आत दबून राहिली, तयारीत, जशी राहायला हवी तशी.

गोकुळदास दाभणाकडे पाहत राहिले. तेहतीस वर्षं ते इंजिनियर लोकांच्या शेजारी बसले होते. इतकं शहाणपणाचं काम त्यांनी एकाही इंजिनियरला करताना पाहिलं नव्हतं. हे त्यांनी बोलून दाखवलं असतं, पण ओठांत स्क्रू धरून धरून जबडा आखडला होता.

त्यांनी सायकल उलटी केली, चेन घातली, पेडल हाताने फिरवलं आणि गिअर बदलला. चेन सरकली, पण अर्धीच. दोन दात्यांच्या मधे अडखळली, खडखडली, मग उशिरा जाऊन पडली. परत बदलला. परत तसंच. हळर्णच्या अलीकडे चढण आहे. त्या चढणीवर असा गिअर म्हणजे पाय जमिनीवर टेकून उतरणं. तनयाची बस चारला डिचोलीला येणार होती.

“मी क्रमान लावलंय,” ते म्हणाले. “जसां पानार होता तसां. बाकीचे भाग उलटे बसतच नाय, त्यांनी आपापली जागा सांगली. ही दोन चाकां तेवढी सारखी. वरचां डावीकडे होता, खालचां उजवीकडे. माझी चूक जावची नाय.”

सुशीलाबायनी पानाच्या शेंड्याकडे पाहिलं.

“भावोजी,” त्या म्हणाल्या, “मी पान फिरवलां.”

“काय?”

“काल तुमी नव्हतात तेव्हा. शेंडो उजवीकडे होतो.” त्या पदराच्या टोकाकडे पाहत होत्या. “जेवणाऱ्याच्या डाव्या हाताक शेंडो हवो. रुक्मिणीच्या बाराव्याक ह्याच मेजार मी पान उलटां मांडलेलां बघलंय. परत बघवलां नाय. म्हणान फिरवलां. एक स्क्रू हलूक दिलो नाय.”

ते खरंच होतं. लग्नाच्या पंगतीत वाढलेलं पान फिरवावं तसं त्यांनी ते फिरवलं होतं, मिठाचा दाणाही न सांडता. म्हणून तर गोकुळदासांना काही कळलं नव्हतं. दोन चाकं मात्र आपापल्या जागा बदलून बसली होती.

गोकुळदासांकडे या प्रसंगासाठी दोन वाक्यं तयार होती. दोन दिवसांत झालेल्या अपमानांना ती पुरून उरली असती. ती त्यांनी गिळली. बाराव्याच्या दिवशी ते या मेजावर बसले होते, पण पान कसं मांडलं होतं हे त्यांना आठवत नव्हतं. त्या दिवसाचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. ते दुसऱ्याच कोणीतरी लक्षात ठेवलं होतं, आणि वर्षभर रोज डबा आणताना ते घेऊन येत होतं.

“बरां केलात तुमी,” ते शेवटी म्हणाले. “फक्त चाकां उलटी झाली.”

त्यांनी दोन्ही चाकं काढली आणि तळहातावर ठेवली. नीट पाहिलं तर ती सारखी नव्हती. एक घट्ट होतं. दुसरं आपल्या आसावर जरा डावीउजवीकडे हलत होतं. गोकुळदासांना वाटलं होतं की ते झिजलं आहे.

सुशीलाबायनी हलणारं चाक बोटावर घेतलं आणि हलवून पाहिलं. “ह्या वर असतला,” त्या म्हणाल्या. “दात्याच्या जवळ काम ह्या करता. कामाच्या जवळ जो असता, तेका जरा हलूक जागा लागता. नायतर तो अडकता.”

त्या मशिनीबद्दल बोलावं तशा बोलल्या होत्या. गोकुळदासांनी ते चाक वर लावलं.

चेन परत घालून होते न होते तोच फाटक वाजलं. बस लवकर आली होती. तनयाने अंगणात उलटी सायकल पाहिली, भिंतीवरची तेलाची कमान पाहिली, मेजावरचं केळीचं पान पाहिलं, दाभण पाहिला. बॅग खाली ठेवली.

“मी पूस म्हटलेलां,” ती म्हणाली.

“पुसलंय,” गोकुळदास म्हणाले.

ती खाली बसली, पेडल हातात घेतलं आणि फिरवू लागली. दुसऱ्या हाताने गिअर बदलला. टिक. चेन एका दात्यावरून पुढच्यावर गेली. परत. टिक. आठही गिअर तिने वर नेले आणि आठही खाली आणले. कुठेच काही अडलं नाही. सुशीलाबाय पदरात हात घालून उभ्या होत्या. तनयाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि हे कोणी जुळवलं हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. “बरां झालां,” ती म्हणाली आणि आत जाऊन तिने तिघांसाठी चहा ठेवला. आई गेल्यापासून तिने या घरात चहा ठेवला नव्हता.

रविवारी गोकुळदास आणि सुशीलाबाय हळर्णच्या अलीकडच्या चढणीवर जाऊन उभे राहिले. महादेवाने त्यांना आपल्या स्कूटरवरून एकेक करून नेलं. अंगठ्याला अजून पट्टी होती आणि ती तो सगळ्यांना दाखवत होता. चढणीच्या पायथ्याशी स्वार दिसू लागले. तिथे प्रत्येकाला गिअर बदलावा लागत होता, आणि प्रत्येकजण बदलताना एकदा मान खाली घालून मागच्या चाकाकडे बघत होता. काहींची चेन खडखडली, एक मुलगा उतरून चालू लागला. गोकुळदास प्रत्येकाकडे नीट बघत होते. एका जागी राहून समोरून जाणाऱ्या गाड्या बघायची त्यांना सवय होती.

तनया वळणावर आली. श्वास तोंडाने घेत होती, चेहरा लाल झाला होता. चढण सुरू झाली तिथे तिचं बोट हलताना त्यांना दिसलं. टिक. मग आणखी एकदा. ती त्यांच्या समोरून वर गेली, डोळे रस्त्याच्या टोकाला लावून, आणि पुढच्या वळणाआड दिसेनाशी झाली.

“आमच्याकडे बघलां पण नाय,” सुशीलाबाय म्हणाल्या.

“गिअराकडेय बघूक नाय,” गोकुळदास म्हणाले.